रिबाउंडचा सूड

बास्केटबॉलमध्ये नेम चुकतो तेव्हा ममता वसावेचं काम सुरू होतं. बॉल रिंगच्या लोखंडावर आपटून वर उडतो आणि तेवढा वेळ तो कुणाचाच नसतो. भल्याभल्या व्यावसायिक संघांचेसुद्धा निम्म्याहून जास्त नेम चुकतात, म्हणजे एका सामन्यात असे बेवारस बॉल ढीगभर निघतात. ज्या संघाच्या हाती ते पडतात त्याला आणखी एक संधी मिळते आणि समोरच्याची एक संधी जाते. यालाच रिबाउंड म्हणतात. पेपरात फोटो येतो तो नेम मारणारीचा. पण मोसमाच्या शेवटी कोणता संघ वर राहिला आणि कोणता तळाला गेला, हे पुष्कळदा या बेवारस बॉलांनीच ठरवलेलं असतं.

ममताला हे असं सांगता आलं नसतं. कुणी विचारलंच तर ती म्हणायची, "बॉल पडतो. आपण तिथं असायचं."

सातपुड्यातल्या मोलगीपासून अर्धा रस्ता जीपनं आणि उरलेला पायी, अशा पाड्यावर तिचं घर. बाप करमसिंग, आई नानीबाई, उतारावरची ज्वारी-मक्याची शेती, आणि पाऊस सरला की महिना-दोन महिने गुजरातेत ऊसतोडीला. ममता आश्रमशाळेत शिकली. तिथं ती कबड्डी खेळायची, आणि तिचं एकच वैशिष्ट्य होतं. ती जागेवरून हलायची नाही. अंगानं फार दांडगी नव्हती, उंचीही बेताचीच. पण गुडघे वाकवून उभी राहिली की तिघी-चौघींनी ढकललं तरी ती तिथंच. शहाद्याच्या एका शाळेतले खेळाचे शिक्षक गोपाल सर जिल्हा स्पर्धेला पंच होते. त्यांनी तिला बघितलं आणि आश्रमशाळेच्या मुख्याध्यापकांना म्हणाले, "ही पोरगी मला द्या. माझ्याकडे उड्या मारणारी एक आहे. तिच्यासाठी जागा धरणारी कुणीतरी पाहिजे."

उड्या मारणारी म्हणजे मयूरी पाटील. तापीकाठच्या गावातल्या प्रेमचंद पाटलांची धाकटी मुलगी. उंच, लांब हातांची, आणि बॉल हवेत असताना बाकीच्यांच्या आधी वर पोचणारी. तिच्या घरी केळीचा बाग होता, अंगणात ट्रॅक्टर होता, आणि ट्रॅक्टरच्या शेडच्या पत्र्याला वडिलांनी रिंग ठोकून दिली होती.

दोघी आठवीत एकत्र आल्या. ममता शहाद्याच्या वसतिगृहात राहायची, रविवारी मयूरीच्या घरी जायची. मयूरीची आई मीनाबाई तिला ताट वाढून समोर बसायची. "जेवी ले व बेटा," ती म्हणायची, "होस्टेलना वरणमां पानीशिवाय काय शे?" ममताच्या घरी भिली बोलायचे. अहिराणी ती या घरात शिकली, आणि जेवता जेवता शिकली.

शेडखाली दोघींचा सराव चालायचा. गोपाल सरांनी पद्धत सांगितली होती. समोरच्या संघानं बॉल मारला की ममतानं बॉलकडे बघायचंच नाही. समोरची सगळ्यात उंच मुलगी शोधायची, तिच्याकडे पाठ करायची, खुर्चीवर बसल्यासारखं खाली बसायचं आणि तिला मागे दाबून ठेवायचं. मग मोकळ्या जागेतून मयूरीनं उडी मारून बॉल काढायचा.

"तू फक्त उभी ऱ्हाय," मयूरी म्हणायची. "बाकीनं मी दखस."

आणि खरंच बाकीचं सगळं मयूरी बघायची. शाळा जिंकली, जिल्हा जिंकला. निवड समितीवाले मयूरीला बघायला आले, तेव्हा मयूरी म्हणाली, "आम्ही दोघी येऊ." पुढं व्यावसायिक महिला लीग सुरू झाली, तेव्हा पुणे वाघिणी या संघानं दोघींना एकदमच घेतलं. मोलगीच्या बाजारात करमसिंगला लोक विचारायचे, पोरगी काय करते? तो म्हणायचा, पुण्याला बॉल खेळते, त्याचा पगार मिळतो. यावर पुढे कुणाला काय विचारावं ते सुचायचं नाही.

पुण्यात मयूरीला एक नाव मिळालं, रिबाउंडची राणी. एकदा पेपरात तिचा मोठा फोटो आला, दोन्ही हात वर, बॉल मुठीत, केस उडालेले. फोटोच्या कोपऱ्यात एक कोपर दिसत होतं. ते ममताचं. ममतानं तो फोटो कापून मीनाबाईला पाठवला. तिला त्यात काही खटकलं नाही.

खटकलं नाही, कारण ती ज्या पाड्यावर वाढली तिथं काम असंच होतं. तिथं लाहा चालतो. एखाद्याच्या शेतात निंदणी निघाली की सगळा पाडा त्याच्या शेतात उतरतो. मजुरी कुणी देत नाही, कुणी मागत नाही. ज्याचं शेत तो सगळ्यांना जेवू घालतो. कुणी किती ओळी निंदल्या हे कुणी बघत नाही, बघणारा माणूस हलका ठरतो. पुढच्या खेपेला तुमच्या शेतात काम निघालं की तेच सगळे तुमच्याकडे येतात. बोलवावं लागतं, पण आठवण करून द्यावी लागत नाही. ममताच्या डोक्यात मयूरीचा आणि तिचा हिशोब असाच बसला होता. आज मयूरीच्या शेतात, उद्या माझ्या. कराराची तारीख जवळ आली तेव्हा बाकीच्या मुली मॅनेजरला भेटल्या, व्हिडिओ दाखवून आल्या. ममता कुणाकडे गेली नाही. मयूरी आहे ना.

त्या बैठकीत पुण्याचे मॅनेजर, कप्तान म्हणून मयूरी, आणि समोर ममता एवढीच माणसं होती. मॅनेजरनी लॅपटॉप तिच्याकडे फिरवला. "ममता, तू खेळतेस भरपूर, पण तुझ्या नावावर बॉल दिसत नाहीत. व्यावसायिक संघ आहे आपला. मी वर काय सांगू?"

ममता मयूरीकडे बघून हसली. तिला वाटलं, आता ही सांगेल.

मॅनेजरही मयूरीकडे वळले. "तू सांग. तुझ्याच गावाकडची आहे."

मयूरी मोबाइलवर बोट फिरवत होती. तिनं मान वर केली नाही. "सर, तिला बॉल मिळत नाही. बॉल मीच आणते." जरा थांबून ती म्हणाली, "कष्टाळू आहे तशी."

हे ती पुस्तकी मराठीत बोलली. दोघी एकमेकींशी कायम अहिराणीत बोलायच्या. ममताला आधी वाटलं की ही दुसऱ्याच कुणाबद्दल बोलते आहे.

पुण्यानं ममताचा करार पुढे नेला नाही. ती खोलीबाहेर पडली तेव्हा मयूरी तिच्या मागे आली नाही. नंतर फोनही आला नाही.

मोलगीचा डोंगर चढताना ममता रडली नाही. रडून तिला राग सांडायचा नव्हता. घरी आली तेव्हा करमसिंगच्या मक्याची निंदणी निघाली होती, लाहा होता. सगळा पाडा ओळीनं वाकला होता. ममताही विळा घेऊन ओळीत शिरली. दुपारी भाकरी वाढताना नानीबाईनं विचारलं, "ती शहाद्याची पोरगी? सुट्टीला येणार होती ना?"

ममतानं बैठकीतलं सगळं सांगितलं. लॅपटॉप, आकडे, करार यातलं नानीबाईला काही कळलं नाही. पण शेजारी बसलेल्या करमसिंगनं घास खाली ठेवला.

"म्हणजे तू तिच्या शेतात गेलीस," तो म्हणाला, "आणि तुझ्या वेळेला ती आली नाही."

"हो."

"मग आता?"

मग काय करायचं ते पाड्यावर पोराबाळांनाही ठाऊक होतं. जो जेवून गेला आणि उलट आला नाही, त्याच्याशी कुणी भांडत नाही, पंच बसवत नाही, रस्त्यात भेटला तर राम राम करतात. फक्त त्याच्या शेतात कुणी उतरत नाही. गवत वाढतं. नवरा-बायको दोघंच ओळी धरतात, आणि येणारा-जाणारा बांधावरून बघत जातो. एका पावसात माणूस वठणीवर येतो.

ममताला मात्र एवढ्यानं समाधान नव्हतं. मयूरीच्या शेताला रस्ता पुण्यातून होता, तिथं ममता नसली तरी दुसरी कुणी उभी राहिली असती. तिला मयूरीला एकटी पडलेली बघायची होती, आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघायची होती. शिवाय तो आकडा. तिच्या नावावर बॉल दिसत नाहीत काय? दिसतील.

नागपूर ज्वाला या संघाच्या प्रशिक्षक मोहिनी मॅडमचा फोन आला, तेव्हा ममता मोलगीच्या बाजारात मीठ-मिरची घेत होती.

"वसावे ना? नागपूरला येतेस का?" मॅडम एकदम मुद्द्यावर आल्या. "पुण्याशी खेळताना तू मैदानात असलीस की माझ्या पोरी रिंगजवळ पोचायच्या नाहीत. तू बाहेर बसलीस की पोचायच्या. पुण्यानं तुला का सोडलं मला कळत नाही, पण माझा फायदा आहे."

"मॅडम, पुण्याशी सामना आहे का तुमचा?"

"आहे ना. का?"

"येते."

नागपूरचा संघ तळाला होता. नेम बेताचे, उंची बेताची, पैसेवाले मालक नाहीत. मोहिनी मॅडम स्वतः जुन्या खेळाडू, एका गुडघ्यानं लंगडायच्या, आणि बोलण्यात गोडवा अजिबात नव्हता. "आपल्या पोरींचा नेम काही महिन्याभरात सुधारत नाही," त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या. "मग चुकलेला बॉल तरी आपला पाहिजे. आपण एकदा चुकलो तर दुसऱ्यांदा मारू. त्या चुकल्या तर त्यांना दुसरी वेळ मिळता कामा नये. एवढं जमलं तरी आपण वर येतो."

आणि नागपूर वर आलं. पाचही मुलींना त्यांनी पाठ करून बसायला शिकवलं, पण मधली जागा ममताची. ती समोरच्या सगळ्यात धोकादायक मुलीला मागे दाबायची आणि बॉल नागपूरची उंच कप्तान काढायची. समोरचे संघ एक नेम मारून परतायला लागले. दुसरी संधी न मिळाल्यानं त्यांच्या मुली घाई करायच्या, घाईत आणखी चुकायच्या. बॉल हातात आला की नागपूरच्या मुली समोरच्यांचा बचाव जागेवर यायच्या आत पळत सुटायच्या आणि रिंगखालचे सोपे गुण घ्यायच्या. नेम आधीसारखेच बेताचे होते. पण एकामागून एक सामने पदरात पडत गेले, आणि साखळीच्या शेवटी नागपूर उपांत्य फेरीच्या दारात उभं राहिलं. आत एकाच संघाला जागा होती. नागपूर किंवा पुणे.

त्या मोसमात लीगनं काही सामने खेळाडूंच्या जिल्ह्यांत ठेवले होते. हा सामना दोघींच्याच जिल्ह्यात, नंदुरबारच्या क्रीडा संकुलात पडला.

सामन्याच्या दिवशी तापीकाठच्या गावांतून गाड्या आल्या. प्रेमचंद पाटील पांढऱ्या कपड्यांत, मीनाबाई जरीच्या साडीत, मयूरीच्या नावाचे फलक धरलेली पोरं. मोलगीकडून दोन जीप आल्या, टपावरसुद्धा माणसं. करमसिंग, नानीबाई, आणि पाड्यावरचा धुडकू काका, ज्यानं आयुष्यात बास्केटबॉल पाहिला नव्हता आणि जो वाटेत सगळ्यांना त्याचे नियम समजावून सांगत आला होता. पुण्याचे मॅनेजर पहिल्या रांगेत, मांडीवर लॅपटॉप.

मीनाबाईनं ममताला लांबून पाहिलं आणि हात हलवला. ममतानं पाहिलं, आणि बुटाची नाडी बांधायला वाकली.

मोहिनी मॅडमनी सांगितलं, "नेहमीसारखं. मयूरी तुझी. तिला मागे धर."

ममता मान हलवून आत गेली आणि पहिल्याच चुकलेल्या बॉलला मयूरीला सोडून स्वतः उडाली. बॉल तिच्या मुठीत आला. पडद्यावर तिच्या नावापुढचा आकडा हलला. मोलगीवाल्यांनी संकुल डोक्यावर घेतलं. ममतानं मॅनेजरकडे बघितलं. पुढच्या बॉललाही ती उडाली, त्याच्या पुढच्यालाही. तिला मोठी गोडी लागली. प्रत्येक बॉलबरोबर ती मनात म्हणायची, लिही. हा पण लिही.

पण ती काही मयूरीएवढी उंच नव्हती. काही बॉल तिला मिळत होते, बरेच मिळत नव्हते, आणि ती जागा सोडून उडाली की तिच्या मागून मयूरी मोकळी सुटायची. चुकलेला बॉल मयूरी हवेतच झेलून परत आत टाकायची. एकदा दोनदा झालं, मग होतच राहिलं. पुण्याच्या दुसऱ्या मुली दहा फुटांवरून वाट्टेल तसा बॉल फेकायला लागल्या, कारण आत गेला तर गेला, नाही तर मयूरी आहेच. एकदा तर नागपूरच्या कप्तानच्या हातात आलेला बॉल ममतानं ओढला. दोघींच्या हातून तो निसटला आणि रेषेबाहेर गेला. कप्तान ओरडली, "अगं, मी तुझ्याच संघात आहे!"

मयूरी जाता जाता ममताच्या कानाशी म्हणाली, "उडस तू? व माय! आते उडाले शिकनी का?"

मोहिनी मॅडमनी ममताला बाहेर बोलावून बसवलं. मध्यंतराची शिट्टी झाली तेव्हा पुणे बरंच पुढे होतं.

विश्रांतीच्या खोलीत बाकीच्या मुली पाणी पीत होत्या. मॅडम ममतासमोर स्टूल ओढून बसल्या. त्या रागावतील असं सगळ्यांना वाटलं.

"तुझं भांडण कुणाशी आहे?" त्यांनी विचारलं.

ममतानं टॉवेलनं तोंड पुसलं.

"बॉलशी आहे का?"

"नाही."

"मग कुणाशी?"

"मयूरीशी."

"मग मयूरीकडे जा ना! बॉलकडे कशाला पळतेस?" मॅडम गुडघा चोळत म्हणाल्या. "मला तुमचं काय झालं ते ऐकायचं नाही. भांडण मिटव असं पण मी म्हणत नाही. उलट चांगलं कडक भांड. पण अर्धा तास झाला, ती तुझ्या पाठीमागे मजा करते आहे आणि तू त्या लॅपटॉपवाल्याला खूश करते आहेस. सूड घ्यायचा तर तिचा घे. तुझ्या नावावर एक बॉल नाही आला तरी चालेल, तिच्या नावावर येता कामा नये. जमेल?"

ममताच्या डोळ्यांसमोर करमसिंगनं घास खाली ठेवला. तिला एकदम हसूच आलं. ज्याच्यावर रागवायचं त्याच्या शेतात जाऊन जास्त निंदून दाखवतं का कुणी? ती अर्धा सामना तेच करत बसली होती.

"जमेल," ती म्हणाली.

दुसऱ्या भागात पहिला बॉल हवेत गेला तेव्हा ममतानं वर पाहिलंच नाही. तिनं मयूरी शोधली, तिच्याकडे पाठ केली आणि बसली. मयूरीनं उजवीकडून शिरायला बघितलं. ममताची पाठ उजवीकडे सरकली. मयूरी डावीकडे वळली. पाठ डावीकडे. हात नाही लावला, ओढलं नाही, पंचाला शिट्टी वाजवावी असं काही केलं नाही. फक्त जिथं मयूरीला जायचं होतं तिथं ममता आधीपासून होती. बॉल रिंगवरून उडाला, नागपूरच्या कप्ताननं तो आरामात काढला.

पुन्हा तसंच. पुन्हा तसंच.

मयूरीला हे नवीन होतं. इतकी वर्षं ही पाठ तिच्यासाठी दुसऱ्यांना अडवत होती. तिच्या पलीकडे काय असतं हे मयूरीला कधी कळलंच नव्हतं. उडी मारायला पावलाला जागा लागते, आणि ती जागा कुणीतरी दिलेली असते. आता देणारं कुणी नव्हतं. पुण्याच्या बाकीच्या मुलींना जागा धरायची सवय नव्हती. राणी बॉल आणेल याची त्या वाट बघत उभ्या होत्या.

"सरक ना व!" मयूरी तिच्या पाठीत कोपर घालून म्हणाली.

ममता सरकली नाही.

"मन्हा घरनं खादं ते इसरी गई का?"

हे ममताला लागलं. वरच्या रांगेत जरीची साडी बसलेली तिला दिसत होती. एक क्षण ती अर्धवट उठली, आणि मयूरी सुटलीच होती. मग ममता पुन्हा खाली बसली. मान न वळवता ती म्हणाली, "याद शे. मावशीनी दिधं. तू नही."

मयूरीनं पुढच्या वेळी दोन्ही हातांनी ढकललं. पंचानं शिट्टी वाजवली. थोड्या वेळानं तिनं पुन्हा ढकललं, पुन्हा शिट्टी. नागपूर एकेक गुण करून जवळ येत होतं. पुण्याच्या मुली आता बॉल फेकायला कचरत होत्या, कारण चुकला की तो परत येत नव्हता. पहिल्या भागात बेधडक मारणाऱ्या मुली बॉल एकमेकींकडे ढकलत राहायच्या आणि वेळ संपत आला की कसाबसा फेकायच्या. नेम चुकायचा. रिंगखाली मयूरी हात वर करून उभी, आणि तिच्या हातांच्या पुढे एक हात अंतरावरून बॉल दुसऱ्याच कुणाच्या मुठीत.

ममताला ते हात दिसत नव्हते, पाठ होती ना. पण मयूरीचा श्वास मानेवर लागत होता. तो आधी रागाचा होता, नंतर दमल्याचा. शेवटी शेवटी त्यात हुंदक्यासारखं काहीतरी मिसळलं. ममतानं तो कान देऊन ऐकला. आयुष्यात असं गोड तिनं फार थोडं ऐकलं होतं.

नागपूर जिंकलं. उत्तरार्धात मयूरीच्या नावापुढचा आकडा हलला नाही. ममताचाही हलला नाही. सर्वोत्तम खेळाडू म्हणून नागपूरच्या कप्तानला बोलावलं, तिनं चषक घेताना ममताकडे बोट दाखवलं, पण तोवर लोक उठून बाहेर निघाले होते.

धुडकू काका नाराज होता. "सुरुवातीला किती पकडले पोरी! नंतर तू एकही पकडला नाहीस. दमलीस काय?"

"दमली कशानं?" करमसिंग त्याच्यावर खेकसला. "डोळे आहेत का तुला? तिनं त्या पोरीला आत शिरू दिलं नाही. बघितलंस नाही, शेवटी ती पोरगी एकटीच उभी होती?" त्यानं एकटीच हा शब्द असा काही उच्चारला की नानीबाईनं त्याच्याकडे वळून बघितलं.

मैदानाच्या कडेला पुण्याचे मॅनेजर ममताजवळ आले. लॅपटॉप काखेत बंद होता. मागे दोन पावलांवर मयूरी टॉवेल खांद्यावर टाकून उभी होती, डोळे लाल.

"ममता, चूक झाली आमची," मॅनेजर म्हणाले. माणूस प्रामाणिक होता, आकडा बदलला की मत बदलायचा. "पुढच्या मोसमाला परत ये. या वर्षी मयूरीचाही खेळ घसरला होता, त्याचं कारण आज कळलं. तुम्ही जोडीनं पाहिजे. खरं सांगतो, तू आलीस तरच आम्ही मयूरीचा करार पुढे नेऊ. नुसती एकटी ती आम्हाला परवडत नाही. पगाराचं तू म्हणशील तसं."

 मयूरीनं मोबाइल काढला नाही, आणि या वेळी मान वर होती. ती सरळ ममताकडे बघत होती. तिच्या बघण्यात तो शेडखालचा जुना भरवसा होता, की ममता उभी राहील.

ममताला वाटलं होतं की हा क्षण आला तर आपल्याला पुष्कळ बोलायचं असेल. डोंगर चढता-उतरताना तिनं कितीतरी वाक्यं तयार केली होती. त्यातलं एकही लागलं नाही.

"मी नागपूरला राहते, सर," ती म्हणाली.

"अगं, विचार तरी कर."

"केला."

मॅनेजरनी मयूरीकडे बघितलं, खांदे उडवले आणि गेले.

ममता पिशवी उचलून जीपकडे चालली. फाटकाशी मीनाबाई उभी होती. तिनं ममताच्या डोक्यावरून हात फिरवला. "बारीक व्हयी गई व बेटा," एवढंच म्हणाली आणि साडीचा पदर तोंडाला लावून वळली. ममता वाकून पाया पडली. आपल्या सुडाची झळ या बाईलाही लागली हे तिला कळत होतं. त्याचं तिला वाईट वाटलं, पण सूड मागे घ्यावासा वाटला नाही.

जीपचं दार उघडताना मागून चप्पल घासत मयूरी आली.

"सरनी इचारं तवय मी काय सांगू, सांग," ती म्हणाली. "मन्हीबी जागा जाई ऱ्हायनी व्हती. दोन्हीमाईन एकच ठेवनार व्हतात त्या. माले माहीत व्हतं."

ममता थांबली. हे तिला ठाऊक नव्हतं. तिनं त्यावर थोडा विचारही केला. धुडकू काका जीपमधून डोकं बाहेर काढून बघत होता, त्याला नानीबाईनं आत ओढलं.

"माले सांगती," ममता म्हणाली. "मी सोताहून गई ऱ्हाती. तुन्हा करता."

 ते खरं होतं हे मयूरीला माहीत होतं. ममता आपण होऊन गेली असती, आणि जाताना तिला बॉल कसा काढायचा तेही समजावून गेली असती.

"मंग आते ये ना," मयूरी म्हणाली. तिचा आवाज फाटला. "तू नही उनी ते माले काढी टाकतीन."

"माहीत शे."

"माहीत शे आनी तरीबी?"

ममता जीपमध्ये चढली. आतल्यांनी सरकून जागा केली.

"भलती दुष्ट शे व तू, ममता."

"शे," ममता म्हणाली, आणि दार ओढून घेतलं.